सी लायब्ररीतले उघडे स्ट्रक्ट बंद करताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

लायब्ररीच्या हेडरमध्ये अख्खा स्ट्रक्ट लिहिलेला असतो. काही वर्षांनी त्यात एक फील्ड वाढवायची वेळ येते आणि कोणीतरी सांगतं, 'ओपेक करून टाक', म्हणजे स्ट्रक्टची आतली रचना वापरणाऱ्यापासून लपव. सल्ला बरोबर असतो, पण तो अमलात येतो उलट्या क्रमाने. आधी व्याख्या हेडरमधून उचलून डॉट-सी फाइलमध्ये टाकली जाते, मग वापरणाऱ्यांची ओरड सुरू होते, आणि मग घाईघाईने एकेका फील्डसाठी गेटर (किंमत वाचून देणारी फंक्शनं) लिहिले जातात. व्याख्या लपवणं हे या सगळ्यातलं शेवटचं आणि सर्वांत सोपं काम आहे. खरी मेहनत त्याच्या आधी करायची असते. ती कोणत्या क्रमाने करायची, ते इथे मांडलं आहे.

पॉइंटर, हेडर आणि शेअर्ड लायब्ररी तुम्हाला माहीत आहेत असं गृहीत धरलं आहे. आकडे ६४-बिट लिनक्सवरचे आहेत.

## नेमकं काय तुटतं

ओळीओळीने लॉग वाचणारी एक छोटी लायब्ररी घेऊ. तिच्या हेडरमध्ये हे आहे:

    स्ट्रक्ट लॉगरीडर {
        फाइल   *एफपी;
        इंट     ओळ;
        चार    *बफर;
        साइझ_टी  क्षमता;
    };

हा स्ट्रक्ट ३२ बाइटचा. एफपी ० वर, ओळ ८ वर, मग चार बाइट पॅडिंग (पुढचं फील्ड आठच्या पटीत यावं म्हणून कंपाइलरने सोडलेली रिकामी जागा), बफर १६ वर, क्षमता २४ वर. या हेडरवर कंपाइल झालेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये हे आकडे कोरले जातात. बायनरीत 'बफर' हे नाव शिल्लक राहत नाही. 'या पत्त्याच्या १६ बाइट पुढे' एवढंच राहतं.

आता 'ओळ'नंतर आठ बाइटचं 'स्थान' हे फील्ड घाला. बफर २४ वर सरकतो आणि एकूण आकार ४० होतो. जुना प्रोग्राम अजून १६ वरच बघतोय आणि तिथे आता फाइलमधलं स्थान आहे. ते तो पत्ता समजून वाचायला जातो. लिंकर काही बोलत नाही, कारण तो फंक्शनची नावं जुळवतो, स्ट्रक्टचा आराखडा जुळवत नाही.

'मग फील्ड शेवटी टाकू,' हे पुढचं नेहमीचं उत्तर. ऑफसेट (फील्ड सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे ते) हलत नाहीत हे खरं, पण आकार ४० झालाच. जुन्या प्रोग्रामने स्टॅकवर ३२ बाइट राखले आणि तुमच्या इनिट फंक्शनने ४० बाइट शून्य केले, की शेजारच्या आठ बाइटांवर पाणी. शेवटी टाकणं सुरक्षित ठरतं ते तीन अटींवर: जागा नेहमी लायब्ररीच राखते, वापरणारा या स्ट्रक्टचा ॲरे करत नाही, आणि तो आपल्या स्ट्रक्टच्या पोटातही घालत नाही.

सर्वांत फसवा प्रकार पॅडिंगचा. 'ओळ'नंतर आणखी एक इंट टाकला तर तो त्या रिकाम्या चार बाइटांत चपखल बसतो. आकारही ३२, ऑफसेटही तेच, सगळ्या चाचण्या पास. पण स्ट्रक्ट वापरणारा भरत असेल, तर जुन्या प्रोग्रामकडून त्या चार बाइटांत मिळेल ती कचरा किंमत येणार. आणि ३२-बिट बांधणीत ते पॅडिंग मुळात नसतंच, म्हणजे तिथे आराखडाही बदलला.

## तयारी: हात लावण्याआधी काय जमवायचं

प्रकाशित झालेल्या शेवटच्या आवृत्तीची शेअर्ड लायब्ररी, डीबग माहितीसकट. त्याच आवृत्तीची हेडर जशीच्या तशी. आणि त्या हेडरवर बांधलेला एक चाचणी-प्रोग्राम, बायनरी स्वरूपात. हा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा नाही. त्याचं जुनं असणं हाच त्याचा उपयोग. तुमच्या चाचण्या दर वेळी नव्या हेडरवर नव्याने कंपाइल होतात, म्हणून वर सांगितलेली एकही चूक त्यांच्या हाती लागत नाही.

दोन साधनं बसवून घ्या. 'पाहोल' डीबग माहितीवरून स्ट्रक्टचा आराखडा ऑफसेट आणि पॅडिंगसकट छापतं. 'एबीआय-डिफ' दोन लायब्ररी समोरासमोर ठेवून त्यांच्या एबीआयमधला, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्राम ज्यावर विसंबतो त्या आराखड्यांतला आणि नावांतला, फरक सांगतं.

तपासणी: जुनी लायब्ररी जुन्याच लायब्ररीशी एबीआय-डिफने ताडून पाहा. फरक शून्य यायला हवा. नाही आला तर तुमची डीबग माहिती अपुरी आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा १: काय काय उघडं आहे याची यादी

यादी करताना लोक फक्त स्ट्रक्ट मोजतात. खरं पाणी इतरत्र मुरतं.

मॅक्रो आणि हेडरमधली इनलाइन फंक्शनं. 'लॉगरीडर_ओळ(आर)' हा मॅक्रो असेल आणि तो आतून फील्ड वाचत असेल, तर वापरणाऱ्याने एकदाही बाण (->) न लिहिताही ऑफसेट त्याच्या बायनरीत गेलेला असतो. याची किती किंमत मोजावी लागते ते ३२-बिट सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर दिसलं. तिथल्या फाइल स्ट्रक्टमध्ये डिस्क्रिप्टरसाठी (उघड्या फाइलच्या क्रमांकासाठी) एकच बाइट होता. कर्नल त्याहून कितीतरी जास्त डिस्क्रिप्टर द्यायला तयार, पण एफ-ओपनला २५५ च्या पुढचा डिस्क्रिप्टर चालेना. तो बाइट रुंद करावा, तर आधी कंपाइल झालेले सगळे प्रोग्राम मोडणार.

ग्लोबल व्हेरिएबल. बाहेर दिलेल्या ॲरेचा आकार लिंक करताना प्रोग्राममध्ये नोंदला जाऊ शकतो. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतला 'सिस_एररलिस्ट' हा एररच्या मजकुरांचा ॲरे असाच वर्षानुवर्षं गळ्यात अडकून राहिला. २०२० च्या २.३२ आवृत्तीपासून नवे प्रोग्राम त्याच्याशी लिंक करता येत नाहीत. जुन्या बायनरींसाठी मात्र तो अजून सांभाळावाच लागतो. असा ॲरे तुमच्याकडे असेल तर त्याच्या जागी फंक्शन द्या.

टाइप आणि शर्ती. हेडरमधल्या स्ट्रक्टच्या आत इफडेफ (शर्तीनुसार कोड घेणारी किंवा गाळणारी सूचना) आहे का? म्हणजे एसएसएल चालू असेल तर एक फील्ड जास्त? असेल तर लायब्ररी एका शर्तीवर आणि वापरणारा दुसऱ्या शर्तीवर कंपाइल झाला की दोघांचे स्ट्रक्ट वेगळे, नाव मात्र एकच. वेळ ठेवणाऱ्या टाइम_टी या टाइपचंही तसंच. जीलिबसी २.३४ (२०२१) पासून ३२-बिट प्रोग्राम एका मॅक्रोने ६४-बिट वेळ निवडू शकतो. तुमच्या उघड्या स्ट्रक्टमध्ये टाइम_टी असेल तर त्याचा आराखडा आता वापरणाऱ्याच्या कंपाइलर पर्यायावर ठरतो, तुमच्यावर नाही. लाँगचा आकार ६४-बिट लिनक्सवर ८ आणि ६४-बिट विंडोजवर ४. बिटफील्डची मांडणी तर कंपाइलरच ठरवतो.

यादीत प्रत्येक फील्डपुढे एक रकाना ठेवा: बाहेरचं कोण वापरतं आणि कशासाठी. वापरणाऱ्यांचा कोड उघडा असेल तर तो प्रत्यक्ष शोधा. हा 'कशासाठी' चौथ्या टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा २: प्रत्येक टाइपचा निकाल वेगळा

सगळंच झाकायचं हा हट्ट चुकीचा आहे. दोन निर्देशांकांचा बिंदू, किंवा सेकंद आणि नॅनोसेकंद ठेवणारा टाइमस्पेक, यांत लपवण्यासारखं काही नाही. अशा टाइपच्या प्रत्येक वाचनासाठी फंक्शन कॉल लावला, तर वापरणारा तुमची लायब्ररी बाजूला ठेवेल आणि त्याचं बरोबरच असेल.

मी प्रत्येक टाइपला चार प्रश्न विचारतो:

- यात पुढे फील्ड वाढेल का?
- फील्डांचं एकमेकांशी नातं आहे का, जसं 'लांबी कधीही क्षमतेपेक्षा मोठी नसावी'?
- वापरणाऱ्याला हे स्टॅकवर, ॲरेमध्ये, लाखोंच्या संख्येने लागतं का?
- यात मालकीची साधनं आहेत का: मेमरी, फाइल, लॉक?

पहिल्या, दुसऱ्या किंवा चौथ्याला 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' असेल तर पूर्ण बंद करा. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीतलं कनेक्शन आणि स्टेटमेंट हे याचे उत्तम नमुने. त्यांच्या आत काय आहे ते हेडर सांगतच नाही. उलट फक्त तिसऱ्याला 'हो' असेल तर उघडं ठेवा आणि पुन्हा कधीही हात लावू नका.

अधली-मधली उत्तरं आली तर तीन तडजोडी प्रचलित आहेत. पहिली व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगच्या एव्हीफ्रेमची: फील्ड उघडी, पण आकार कराराबाहेर. जागा फक्त लायब्ररीच्या फंक्शनने घ्यायची, म्हणून नवी फील्ड शेवटी वाढवता येतात. दुसरी थ्रेडसाठीच्या पीथ्रेडमधल्या म्युटेक्सची (लॉकची): आकार उघडा (x८६-६४ वर जीलिबसीत ४० बाइट), आतलं काही वापरायचं नाही. तिसरी डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिबची: इनपुट-आउटपुटची फील्ड उघडी आणि त्यात एक पॉइंटर आतल्या, न दिसणाऱ्या अवस्थेकडे. नवीन लायब्ररीसाठी मला ही तिसरी जास्त आवडते. आतली अवस्था कितीही वाढली तरी बाहेर एक पॉइंटरच दिसतो.

सावध: निकाल लिहून ठेवा आणि हेडरमध्ये प्रत्येक टाइपच्या वर एका ओळीत टाका: 'आकार कराराचा भाग नाही', 'फील्ड थेट वापरू नयेत'. एफएफएमपेगचं हेडर हे शब्दांत सांगतं. न लिहिलेला नियम वापरणाऱ्याने मोडला तर दोष त्याला देता येत नाही.

## टप्पा ३: जन्म आणि मृत्यू लायब्ररीच्या हाती

आपला लॉगरीडर 'बंद' गटात गेला. व्याख्या अजून हेडरमध्येच आहे, तिला हात लावायचा नाही. आधी ही दोन फंक्शनं आणा:

    टाइपडेफ स्ट्रक्ट लॉगरीडर लॉगरीडर;
    इंट  लॉगरीडर_ओपन(कॉन्स्ट चार *पाथ, लॉगरीडर **आउट);
    व्हॉइड लॉगरीडर_क्लोज(लॉगरीडर *आर);

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

व्हॉइड पॉइंटरचं हँडल (वस्तूची ओळख म्हणून वापरणाऱ्याला दिलेला पॉइंटर). नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या लिबकर्लची 'कर्ल' आणि 'कर्लएम' ही दोन हँडल सामान्य बांधणीत बराच काळ व्हॉइडच होती. एकाच्या जागी दुसरं दिलं तरी कंपाइलर गप्प. ते पकडायला पुढे 'कर्ल_स्ट्रिक्टर' नावाचा मॅक्रो आणावा लागला. नाव असलेला पण व्याख्या न दिलेला (अपूर्ण) स्ट्रक्ट ठेवला तर ही तपासणी फुकट मिळते.

टाइपडेफमध्ये पॉइंटरचा तारा (*) लपवणं. 'लॉगरीडर_हँडल' या नावात पॉइंटर दडवला, की 'कॉन्स्ट लॉगरीडर_हँडल' याचा अर्थ होतो स्थिर पॉइंटर. आतला मजकूर मात्र बदलता येतो. वाचणाऱ्याला वाटतं त्याच्या नेमकं उलटं.

फ्री वापरणाऱ्यावर सोडणं. 'काम झालं की फ्री करा' असं लिहू नका. विंडोजवर तुमची डीएलएल आणि वापरणाऱ्याचा प्रोग्राम वेगवेगळ्या सी रनटाइमवर असू शकतात, म्हणजे दोन वेगळे हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतो ते साठे). एकाची मेमरी दुसऱ्याने सोडली की कोसळलं. तुम्ही जे जे देता, अगदी एररची स्ट्रिंगसुद्धा, ते परत घेणारं फंक्शन तुमचंच हवं. एसक्यूलाइटमध्ये याच कामासाठी 'एसक्यूलाइट३_फ्री' आहे. क्लोजला नल दिलं तर मुकाट परत या.

ओपन फसलं तर काय, हे न ठरवणं. एसक्यूलाइटमध्ये ओपन फसलं तरी सहसा हँडल मिळतं, त्यातून एररचा मजकूर वाचता येतो, आणि म्हणूनच ते बंद करणंही वापरणाऱ्यावर येतं. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मेमरी गळत राहते. आपल्या लायब्ररीत मी सोपा नियम ठेवीन: कोड शून्य नसेल तर 'आउट'मध्ये नल, आणि सोडायला काहीच नाही.

एक गोष्ट सहज निसटते. उघड्या स्ट्रक्टची 'बी = ए' अशी नक्कल करता येत होती. बंद झाल्यावर ती थांबेल, आणि बहुतेक वेळा ते बरंच आहे, कारण त्या नकलेत दोघांचा बफर एकच असायचा. पण पहिल्या यादीत अशी नक्कल करण्याचं खरं कारण सापडलं असेल तर 'लॉगरीडर_डुप' द्यावं लागेल.

तपासणी: तुमच्याच उदाहरणांतून आणि टूल्समधून स्टॅकवरचे सगळे लॉगरीडर काढा. एकही साइझऑफ उरता कामा नये.

## टप्पा ४: ॲक्सेसर, पण फील्डगणिक नव्हे

ॲक्सेसर म्हणजे फील्ड वाचणारी किंवा बदलणारी फंक्शनं: गेटर आणि सेटर. सर्वांत जास्त वाया जाणारे श्रम इथे आहेत. बारा फील्ड, म्हणून बारा गेटर आणि बारा सेटर. असं केलं तर स्ट्रक्ट दिसत नाही, पण आतली रचना तशीच बाहेर सांडलेली असते. उद्या 'क्षमता' हे फील्ड काढून टाकायचं म्हटलं तर त्याचा गेटर आडवा येतो.

पहिल्या टप्प्यातला 'कशासाठी' हा रकाना आता काढा. समजा तीन वापरणारे 'बफर' वाचत होते. एकाला चालू ओळीचा मजकूर हवा होता, दुसऱ्याला तिची लांबी, तिसरा बफर भरला का ते पाहत होता. पहिल्या दोघांना मिळून एक फंक्शन पुरतं: चालू ओळ आणि तिची लांबी देणारं. तिसऱ्याची खरी गरज होती 'ओळ कापली गेली का' हे कळण्याची. त्यासाठी हो-नाही सांगणारं वेगळं फंक्शन. क्षमता कोणालाच द्यायची गरज पडली नाही.

सेटरच्या बाबतीत ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीकडून एक चांगली गोष्ट उचलावी. १.१.० मध्ये आरएसए स्ट्रक्ट बंद झाला तेव्हा किल्लीचे एन, ई आणि डी हे भाग एकाच फंक्शनने, एकत्र बसवायची सोय झाली. हे आकडे एकमेकांशिवाय निरर्थक असतात. तीन वेगळे सेटर दिले असते तर मधल्या क्षणी अर्धवट किल्ली हातात राहिली असती.

तिथलाच दुसरा धडा मालकीचा. ओपनएसएसएलच्या नावांमध्ये 'गेट०' म्हणजे पॉइंटर उसना मिळाला, सोडायचा नाही; 'गेट१' म्हणजे तुमचा झाला, सोडायची जबाबदारी तुमची; 'सेट०' म्हणजे दिलेली वस्तू आता लायब्ररीची. नावं दिसायला रुक्ष आहेत, पण कागदपत्रं न उघडता उत्तर मिळतं. तुम्ही वेगळी पद्धत निवडा, पण एकच निवडा आणि सगळीकडे पाळा.

उसन्या पॉइंटरचं आयुष्यही लिहा. एसक्यूलाइटमध्ये कॉलममधून मिळालेला मजकूर पुढच्या 'स्टेप'पर्यंत किंवा स्टेटमेंट रीसेट-फायनलाइज होईपर्यंतच टिकतो, आणि मधे त्याच कॉलमचं टाइप रूपांतर झालं तर त्याआधीच जातो. आपल्याकडे: 'पुढची ओळ वाचेपर्यंत वैध'. हे वाक्य हेडरमध्येच हवं.

सावध: ॲक्सेसर वेगासाठी हेडरमध्ये स्टॅटिक इनलाइन केला, तर स्ट्रक्टची व्याख्या पुन्हा हेडरमध्ये आणावी लागते आणि आतापर्यंतचं सगळं पाण्यात. आतल्या स्ट्रक्टचा पॉइंटर परत देणाऱ्या गेटरचंही तेच.

## टप्पा ५: दोन्ही वाटा चालू असलेली एक आवृत्ती

हा टप्पा गाळला जातो आणि वापरणाऱ्यांचे सर्वांत जास्त हाल यामुळेच होतात.

ऑगस्ट २०१६ च्या ओपनएसएसएल १.१.० मध्ये बहुतेक स्ट्रक्ट बंद झाले. निर्णय योग्यच होता. पण आरएसए किल्ली वाचणारे नवे ॲक्सेसर त्याच आवृत्तीत आले; २०१५ च्या १.०.२ मध्ये ते नव्हते, आणि १.०.२ ला तर २०१९ च्या अखेरपर्यंत आधार होता. परिणामी दोन्ही आवृत्त्यांवर चालायला हवा अशा प्रत्येक प्रकल्पाला जुन्या आवृत्तीसाठी तीच फंक्शनं स्वतः लिहिणारी एक जोडफाइल बाळगावी लागली. डेबियन लिनक्सच्या २०१७ च्या 'स्ट्रेच' आवृत्तीत दोन्ही लायब्ररी शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या.

म्हणून: नवी ओपन-क्लोज आणि ॲक्सेसर असलेली एक आवृत्ती आधी प्रकाशित करा, ज्यात स्ट्रक्ट अजून उघडा आहे आणि त्याचा आराखडा एका बाइटनेही हललेला नाही. फील्डवर 'डेप्रिकेटेड' ॲट्रिब्यूट लावा. जीसीसी आणि क्लँग फील्ड वापरल्या जागी इशारा देतात. इशाऱ्यात नव्या फंक्शनचं नाव टाका, नुसतं 'कालबाह्य' म्हणून उपयोग नाही.

पडद्यावरच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या जीटीके लायब्ररीने याहून चांगली युक्ती केली. २००८ च्या २.१४ मध्ये त्यांनी फील्डांची नावं एका मॅक्रोत गुंडाळली. वापरणाऱ्याने ठरावीक व्याख्या चालू केली की नावं बदलतात आणि त्याच्या कोडमध्ये जिथे जिथे थेट वापर आहे तिथे कंपाइल अडतं. आपण तयार आहोत का, हे ज्याला त्याला आपल्या सोयीने तपासता आलं. फील्ड खरोखर बंद झाली ती २०११ च्या जीटीके ३ मध्ये.

तपासणी: तयारीत ठेवलेला जुना बायनरी प्रोग्राम या आवृत्तीवर चालवा. एबीआय-डिफमध्ये फक्त 'नवी फंक्शनं आली' एवढंच दिसायला हवं.

## टप्पा ६: आता व्याख्या आत न्या

कामाची यादी छोटी आहे.

१. स्ट्रक्टची व्याख्या आतल्या हेडरमध्ये हलवा. ते हेडर इन्स्टॉल होणाऱ्या फाइलींत नसावं. 'प्रायव्हेट' असं नाव देऊन इन्स्टॉल केलेलं हेडर लोक वापरतातच.

२. एसओ-नेम (शेअर्ड लायब्ररीचं आवृत्तीसह नोंदलेलं नाव) वाढवा: शेवटी .१ असेल तर .२ करा. 'कोणी वापरत नाही' म्हणून किरकोळ आवृत्तीत हे उरकू नका. एसओ-नेम वाढवलं की जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीशी जोडलाच जात नाही. चुकीच्या आकड्यांवर चालत राहण्यापेक्षा सुरूच न होणं केव्हाही बरं.

३. सिम्बॉलची (फंक्शन आणि व्हेरिएबलच्या नावांची) दृश्यता मुळात बंद ठेवून कंपाइल करा आणि सार्वजनिक फंक्शनांनाच खूण लावा. स्ट्रक्ट लपवला पण 'लॉगरीडर_बफर_वाढव' हे आतलं फंक्शन बाहेरून दिसतंय, तर तेही कोणीतरी वापरणार. सिम्बॉल छापणाऱ्या 'एनएम' या साधनाला डायनॅमिक सिम्बॉलचा पर्याय देऊन यादी छापा आणि हेडरशी ताडून पाहा.

४. तुमच्या चाचण्या दोन भागांत विभागा. सार्वजनिक चाचण्या फक्त इन्स्टॉल झालेल्या हेडरवर कंपाइल व्हायला हव्यात. तिथे काही अडलं तर ॲक्सेसर कमी पडलाय.

एबीआय-डिफ आता आतल्या स्ट्रक्टमधले बदलही ओरडून सांगेल. त्याला सार्वजनिक हेडरची डिरेक्टरी दाखवली की तिथे न दिसणाऱ्या टाइपचे बदल तो बाजूला ठेवतो.

## टप्पा ७: जे उघडं राहिलं त्याची शिस्त

पर्याय देणारे स्ट्रक्ट सहसा उघडेच राहतात, कारण वापरणाऱ्याने ते भरून द्यायचे असतात. त्यांना वाढायला वाव ठेवायचा असेल तर आकार सोबत मागा.

झेडलिबमध्ये 'डिफ्लेट-इनिट' हा मॅक्रो आहे. तो आतल्या खऱ्या फंक्शनला आवृत्तीची स्ट्रिंग आणि स्ट्रीम स्ट्रक्टचा साइझऑफ देतो. दोन्ही वापरणाऱ्याच्या बाजूला कंपाइल होतात. आकार जुळला नाही तर लायब्ररी 'आवृत्तीचा घोळ' असा एरर देऊन थांबते. कल्पना साधी आहे, पण ती फक्त नकार देते.

लिनक्सचा फाइल उघडणारा 'ओपनॅट२' कॉल (कर्नल ५.६, २०२०) पुढे जातो. वापरणाऱ्याचा स्ट्रक्ट कर्नलच्या ओळखीपेक्षा लहान असेल तर उरलेली फील्ड शून्य धरली जातात. मोठा असेल तर जास्तीचे बाइट तपासले जातात: सगळे शून्य असतील तर चालवून घ्यायचं, नसतील तर एरर. नवा प्रोग्राम जुन्या कर्नलवर आणि जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर, दोन्ही बाजू सांभाळल्या. यासाठी एकच पथ्य: कुठल्याही नव्या फील्डमध्ये शून्य म्हणजे 'पूर्वीसारखंच वागा'.

सावध: 'रिझर्व्ह्ड' फील्ड ठेवलं आणि ते शून्य आहे का हे तपासलं नाही, तर त्याचा काही उपयोग नाही. लोक त्यात कचरा पाठवत राहतील आणि ते फील्ड वापरायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला वापरता येणार नाही. जुना 'ओपन' कॉल अनोळखी फ्लॅग मुकाट गिळतो, म्हणून त्यात नवे फ्लॅग घालणं अवघड झालं. 'ओपनॅट२' मात्र अनोळखी फ्लॅगला नकार देतो.

उघड्या स्ट्रक्टच्या आकारावर आणि महत्त्वाच्या ऑफसेटवर सी११ चा स्टॅटिक-असर्ट लावा. कोणी चुकून फील्ड हलवलं तर लायब्ररीच कंपाइल होणार नाही.

## टप्पा ८: मॅलॉक चालतच नसेल तर

पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करणारे वाचक इथपर्यंत येऊन म्हणतील, 'आमच्याकडे हीपला बंदी आहे.' खरं आहे, मिस्रा सी:२०१२ ही सी कोडसाठीची सुरक्षेची नियमावली डायनॅमिक मेमरीला मनाई करते. पण त्याच दस्तऐवजातली ४.८ क्रमांकाची सल्लावजा सूचना सांगते, की ज्या फाइलमध्ये स्ट्रक्टच्या पॉइंटरमधून आत बघितलं जात नाही तिथे त्याची व्याख्या लपवावी. दोन्ही एकत्र साधतात.

पहिली वाट: लायब्ररीत ठरावीक संख्येचा स्टॅटिक साठा ठेवा, ओपन त्यातली मोकळी जागा देतं, क्लोज परत घेतं. संख्या बांधणीच्या वेळी ठरते. लहान उपकरणांवर मी हीच आधी सुचवीन.

दुसरी वाट पीथ्रेड म्युटेक्सची: हेडरमध्ये बाइटांचा ॲरे आणि एक लाँग यांची युनियन. युनियनमधला तो लाँग शोभेचा नाही. नुसत्या चार ॲरेला कोणत्याही पत्त्यावर ठेवता येतं, आणि आतला पॉइंटर आठच्या पटीत नसलेल्या पत्त्यावर आला की काही प्रोसेसरवर थेट फॉल्ट. सुरुवातीलाच गरजेपेक्षा जास्त बाइट राखा, आणि लायब्ररीच्या डॉट-सी फाइलमध्ये 'आतला स्ट्रक्ट बाहेरच्यात मावतो' असा स्टॅटिक-असर्ट ठेवा. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन वापरत असाल तर इथे एलियसिंगचे (एकाच जागेकडे दोन टाइपच्या पॉइंटरने पाहण्याबाबतचे) नियम आडवे येऊ शकतात. त्या पर्यायासकट चाचण्या चालवा.

## प्रकाशित करण्याआधीची फेरी

तयारीतला जुना बायनरी प्रोग्राम पाचव्या टप्प्याच्या लायब्ररीवर, मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली चालवा. एकही चुकीचं वाचन-लेखन दिसू नये. सहाव्या टप्प्याच्या लायब्ररीवर तोच प्रोग्राम सुरूच व्हायला नको. झाला, तर एसओ-नेम वाढवायचं राहिलं आहे. मग सार्वजनिक हेडर एकट्याने, दुसरं काहीही इन्क्लूड न करता, सी आणि सी++ दोन्ही कंपाइलरमधून काढून पाहा; आतल्या हेडरवरचं विसरलेलं अवलंबन तिथे लगेच उघडं पडतं. एबीआय-डिफची फेरी प्रत्येक मर्जवर आपोआप चालेल अशी लावून ठेवा आणि फरक आला की मर्ज अडवा.

एवढं करूनही कोणीतरी येईल आणि म्हणेल, 'मला फक्त ते एक फील्ड उघडून द्या.' त्याला फील्ड कोणतं हे विचारू नका. त्याला काय करायचंय ते विचारा आणि चौथ्या टप्प्याकडे परत जा.